नवख्या तलावावर मरळीचा गळ

फाल्गुन-चैत्रात येडशीच्या भागात पाझर तलाव आटू लागतात आणि मरळ उरल्या डोहात गोळा होते. पण तलाव नवखा असेल तर डोह ओळखायचा कसा? वाचकहो, आधी गावातल्या म्हाताऱ्या आयाबायांना विचारा. 1972 च्या दुष्काळी कामांवर मराठवाड्यातले कितीतरी तलाव सुकडी खाऊन, पाट्या वाहून अशाच हातांनी बांधले. भरावाची माती कुठून उचलली ते त्यांना पाठ असते. पाणी तिथेच टिकते.

मग काठावर गप्प बसावे. मरळ हवा घ्यायला वर येते, म्हणून ती गढूळ पाण्यातही जगते. ‘डुबुक’ झाले की जागा कळली! ही शिकारी जात. कणकेच्या गोळीकडे सहसा ढुंकून पाहत नाही. गळाला बेडकी किंवा बारकी मासळी लावावी. दोरी जाड हवी, दात तीक्ष्ण असतात.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका दिसला, तर राखणीला असलेली मोठी मरळ सोडून द्यावी. नाहीतर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात.

एक मात्र आहे. तलाव ज्यांनी बांधला, त्यांना मासळीचा हक्क आपोआप मिळत नाही. तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. ग्रामपंचायतीत आधी चौकशी करावी, मगच गळ टाकावा.