थंड पास्त्याला लोणच्याचा खार

उरलेला पास्ता रात्री फ्रीजमध्ये ठेवला की सकाळी त्याचा गोळा झालेला असतो. नळ्या एकमेकींना चिकटलेल्या, चावायला चिवट, आणि वरून घातलेलं दही किंवा मेयोनेज गेलं कुठे ते कळत नाही. मग पाकिटाच्या कंपनीला नावं ठेवली जातात. कंपनीचा त्यात फारसा दोष नसतो. कोल्ड पास्ता सॅलड खायचं थंड असलं तरी ते घडतं गरम असताना, आणि आपण नेमकं तेव्हाच हात बांधून बसतो.

हे समजून घ्यायला वऱ्हाडातल्या माणसाने इटलीपर्यंत जायची गरज नाही. उन्हाळी वाळवणांत आपल्याकडे सरगुंडे करतात. घट्ट मळलेल्या कणकेची बारीक वळी बारीक काडीभोवती गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि वाळवायची. पाहुणे आले, जावई आला की ते उकडायचे, निथळायचे आणि आमरसासोबत वाढायचे. पीठ, पाणी, आकार, वाळवण आणि मग उकळतं पाणी: पास्त्याची कृती याहून वेगळी नाही. आंबटगोड गार रसात बुडवलेले सरगुंडे म्हणजे वऱ्हाडचा कोल्ड पास्ता म्हणायला माझी हरकत नाही. मेयोनेजचा तेवढा फरक.

दोन्हीकडे मदार गव्हावर. पास्ता करतात तो ड्युरम गव्हाचा, आपल्याकडे ज्याला बन्सी किंवा बक्षी म्हणतात तो. त्याचा दाणा काचेसारखा कडक. दळला की पिठापेक्षा रवा जास्त पडतो, आणि ल्युटीन या रंगद्रव्यामुळे तो रवा पिवळसर दिसतो. वाळवलेला पास्ता ड्युरमच्या रव्याचाच असला पाहिजे, असा कायदा इटलीने १९६७ साली केला. आपल्याकडे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कोरडवाहू जमिनीसाठी 'शरद' हा बन्सी वाण दिला. निफाडच्या संशोधन केंद्राचा 'पंचवटी'ही याच कुळातला. ड्युरमचं ग्लुटेन ताठ असतं, फार ताणलं जात नाही. त्यामुळे त्याची पोळी मनासारखी होत नाही, पण शेवई, सरगुंडे आणि पास्ता उकळत्या पाण्यात आकार सोडत नाहीत. स्वस्त पाकिटांत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. सॅलड करायचं असेल तर पाकिटामागची बारीक अक्षरं आधी वाचा.

आता पातेल्यात काय होतं ते पाहू. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात. स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात: सरळ साखळीचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. उकडताना यातलं थोडं अमायलोज बाहेर निसटतं. पास्त्याचं पाणी गढूळ होतं आणि नळ्या चिकटतात ते त्यामुळे. बाकीचा स्टार्च ग्लुटेनच्या जाळीत अडकून राहतो. या क्षणी पास्ता मऊ, ओला आणि तहानलेला असतो.

तो गार झाला की गाडी उलटी फिरते. विस्कटलेल्या साखळ्या पुन्हा शेजारी शेजारी येऊन घट्ट बसतात, मधलं पाणी बाहेर ढकलतात. शास्त्रज्ञ याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. गोठणबिंदूच्या थोडंसं वर, म्हणजे नेमकं आपल्या फ्रीजच्या तापमानाला, ही क्रिया सर्वांत जोरात चालते. ब्रेड बाहेर राहिला तर शिळा होतो, फ्रीजमध्ये त्याहून लवकर होतो, त्याचंही कारण हेच. अशा घट्ट झालेल्या स्टार्चचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही. त्यावरून गार भात नि गार पास्ता साखरवाल्यांना चालतो, असे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतात. फरक पडतो, पण बेताचा. त्याच्या भरवशावर वाटीऐवजी ताट भरून घेऊ नये.

यातून स्वयंपाकासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली, गरमागरम खायच्या पास्त्यापेक्षा सॅलडचा पास्ता एक-दोन मिनिटं जास्त शिजवायचा, कारण पुढे तो कडक होणारच आहे. दुसरी जास्त महत्त्वाची: चव मुरवायची ती साखळ्या मिटण्याआधी. पास्ता निथळला की वाफ असतानाच परातीत पसरायचा आणि त्यावर लोणच्याचा खार शिंपडायचा. तेलात बुडालेल्या लोणच्याचा नव्हे. मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैरीचा किंवा लिंबाच्या लोणच्याचा पातळ खार. तेल आधी पडलं तर पास्त्यावर थर बसतो आणि आंबट पाणी आत शिरायला वाट राहत नाही. म्हणून आधी खार, तो जिरला की चमचाभर तेल, आणि मलईदार भाग पास्ता पूर्ण गार झाल्यावर. पाव किलो पास्त्याला अडीच लिटर पाणी लागतं. त्यात एरवी २५ ग्रॅम मीठ घालतात, इथे १५ पुरे. खारात मीठ भरपूर असतं.

खाराचाच एवढा आग्रह का? त्याचं उत्तर जिभेत आहे. गोड चवीचा निरोप मेंदूकडे पाठवणाऱ्या पेशींत टीआरपीएम-५ नावाची एक वाहिनी असते. १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान ऊब वाढेल तसं तिचं काम वाढतं, असं २००५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. विरघळलेलं आईस्क्रीम नको इतकं गोड लागतं ते म्हणूनच. गार पदार्थात गोडवा आणि धान्याची मूळ चव मागे पडते, वासही कमी उठतो. आंबट मात्र थंडीने तेवढं दबत नाही. म्हणून गार पास्त्याला आंबटाचा टेकू लागतो. परदेशी कृतींत त्यासाठी गर्किन, म्हणजे बोटाएवढ्या काकड्यांचं लोणचं घालतात. ही काकडी मुख्यतः कर्नाटकात पिकते आणि तिच्या निर्यातीत भारत जगात पहिला आहे. आपण पिकवतो, बरणीत भरतो आणि बोटीवर चढवतो. ती महागडी बरणी परत विकत आणण्यापेक्षा खारातली कैरी बारीक चिरून घाला. आंबटपणामुळे भाजीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन सहजी विरघळत नाही, आणि खडेमिठातलं थोडंसं कॅल्शियम ते आणखी घट्ट धरतं. म्हणून ती कैरी दातांखाली करकरते. मऊ पास्त्यात ती करकर हवीच.

राहिला मलईदार भाग. मेयोनेज म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त तेल, थोड्याशा आंबट पाण्यात बारीक थेंबांनी तरंगत ठेवलेलं. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून अंड्यातल्या पिवळ्या बलकाचं लेसिथिन मध्ये उभं राहतं. हेच काम मोहरीही करते, आणि आपल्या आज्यांना ते पाठ होतं. मोहरी चमचाभर पाण्यासोबत वाटायची आणि फेसत राहायची. आधी काळपट, कडवट लगदा दिसतो. मग रंग फिका पडतो, फेस धरतो आणि एकदम नाकात झणका जातो. दाणा फुटून पाणी लागलं की मायरोसिनेज हे विकर सिनिग्रिनवर काम करतं आणि तिखट, उडून जाणारं तेल तयार होतं. गरम पाणी घेतलं तर विकर मरतं नि झणका येतच नाही. मोहरीच्या सालातला बुळबुळीत पदार्थ तेलाचे थेंब धरून ठेवतो. फेसलेल्या मोहरीत चक्का घाला, मग तेलाची बारीक धार धरून घोटत राहा. अंड्याशिवाय, दाट, आंबट असं मिश्रण तयार होतं. चक्का घरचा असला तर आणखी चांगलं.

तेलाचीही एक गंमत आहे, आणि ती कापसाच्या मुलखाने ऐकण्यासारखी आहे. सरकीच्या तेलात सुमारे पाव हिस्सा पामिटिक आम्ल असतं, त्यामुळे थंडीत ते गढुळतं. अमेरिकेत हे तेल मुद्दाम गार करून, गोठलेला भाग गाळून काढू लागले. त्या गाळलेल्या तेलाला सॅलड ऑइल म्हणत आणि त्याचंच मेयोनेज होई. फ्रीजमध्ये ठेवायच्या पदार्थात तूप किंवा लोणी घालू नये तेही याच कारणाने: कण गोठतात आणि टाळूला चिकटतात. करडईचं तेल गारठ्यातही पातळ राहतं, ते घ्यावं.

आता गमतीपलीकडचा भाग. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजमधून साल्मोनेला पसरतो, म्हणून तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली. पास्ता स्वतःही निर्दोष नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही टिकतात आणि उबेत रुजतात. त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. २००८ साली ब्रसेल्समध्ये एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस ओट्यावर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. हे प्रकरण पुढे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं गेलं. आंबटपणा जिवाणूंना आवरतो, पण तो पास्त्याच्या आतपर्यंत पोचलेला असला तरच. त्या शिंपडलेल्या खाराचा हाही एक उपयोग.

शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा नियम आहे. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला आणि उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. अशा गावात लग्नाच्या मांडवात दुपारभर उघड्यावर ठेवलेलं क्रीमवालं सॅलड दिसलं, तर यजमान कितीही आग्रह करोत, घेऊ नका. घरी केलं तर बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि कैरीच्या फोडी आयत्या वेळी घाला, वाटीभर चक्का वेगळा राखून ठेवा, कारण पास्ता फ्रीजमध्येही पाणी पीत राहतो, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवून टाका.