मेथीच्या जुडीतला शॅमरॉक

दादरच्या बाजारातून आणलेली मेथीची जुडी निवडायला घ्या आणि एक देठ चिमटीत धरून उजेडात बघा. टोकाला तीन इवली पानं दिसतील. खरं तर ते एकच पान आहे, तीन दळांचं! आयर्लंडची ओळख असलेला शॅमरॉक दिसतो तो असाच. दोघंही वाटाण्याच्या कुळातले, त्यातही अगदी जवळच्या भावकीतले. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मेथीदाणा मिळतो, तो याच मेथीचं बी.

शॅमरॉक नावाची वेगळी वनस्पतीच नाही. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ‘कोवळा क्लोव्हर’, आणि क्लोव्हर म्हणजे गवतात पसरणारा एक चारा. मग यातला ‘खरा’ शॅमरॉक कोणता? १८९३ साली नॅथॅनिएल कोलगन या निसर्गअभ्यासकांनी आयर्लंडभरच्या लोकांकडून शॅमरॉकची रोपं मागवली, ती लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली. बहुतेक रोपं दोन जातींची निघाली: पिवळ्या फुलांचा बारीक क्लोव्हर आणि पांढरा क्लोव्हर. १९८८मध्ये पुन्हा तशीच पाहणी झाली, कौल तोच!

नशीब उजळवणारं म्हणतात ते चार दळांचं पान याच पांढऱ्या क्लोव्हरचं. पान घडताना कधीतरी एक दळ जास्त फुटतं. हजारो पानांत असं एखादंच. शॅमरॉकचं मोल मात्र तीनमध्येच आहे. संत पॅट्रिक यांनी त्याच्या आधारे एका देवाची तीन रूपं समजावली, अशी आख्यायिका आहे. चौथं दळ आलं की भाग्य लाभेल, पण शॅमरॉकपण जाईल.

गिरगावकराला तीन दळांचं मोल सांगायला नको. श्रावणी सोमवारी बाबुलनाथाला तो वाहतो ते बेलाचं पानही त्रिदळच. पण बेल पडला लिंबाच्या कुळातला. चाळीच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीत आपसूक उगवणारी आंबुशीही तीन दळांची, तिचं कुळ आणखी वेगळं. तिच्या दळांना बदामासारखी खाच असते, चव आंबट, आणि दिवेलागणीला ती दळं छत्रीसारखी मिटून घेते.

तीन कुळं, वाटा वेगवेगळ्या, आणि प्रत्येकीला सापडलेला आकार एकच! चौथं दळ शोधायला कुरणभर वाकावं लागतं. तीन दळांचं नवल मात्र रोज संध्याकाळी परातीत येऊन पडतं.