गाडी कधी तापते, हे आधी विचारा

डिझेलची फोर-बाय-फोर गाडी मे महिन्यात गरम झाली की नागपुरात पहिला दोष उन्हाला दिला जातो. हवाच सत्तेचाळीस अंशांची असेल तर इंजिन तापणारच, हे ऐकताक्षणी पटतं. पण इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो. बहुतेक इंजिनांत तो ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो आणि निरोगी गाडी जानेवारीत असो की मेमध्ये, जवळपास त्याच तापमानावर चालते. उन्हाचा परिणाम होतो तो दुसऱ्या जागी. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. तशा दुपारी तोच फरक ४७ वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि एसी चालू असेल तर कंडेन्सरमधून आधीच तापून आलेली हवा त्याच्या वाट्याला येते. गाडी बनवणारे ही घट धरूनच रेडिएटर मोठा ठेवतात. ती जास्तीची ताकद गाळाने, साचलेल्या क्षारांनी किंवा सैल बेल्टने हिवाळ्यातच संपवलेली असते. जानेवारीत ते कळत नाही, मेमध्ये कळतं. म्हणून ‘ऊन आहे, चालायचंच’ असं म्हणणं म्हणजे आधीपासून असलेल्या बिघाडाकडे पाठ फिरवणं आहे.

बिघाड कुठला, हे शोधण्याचा सर्वात स्वस्त पुरावा मालकाकडेच असतो आणि गॅरेजमध्ये तो क्वचितच विचारला जातो: गाडी नेमकी कधी तापते? सीताबर्डीच्या सिग्नलवर उभी असताना काटा चढतो आणि वर्धा रोडवर वेग धरला की उतरतो, तर संशय पंख्यावर. वाऱ्याचं काम तेव्हा एकटा पंखाच करत असतो. उभ्या बसवलेल्या इंजिनाच्या अनेक गाड्यांत पट्ट्यावर फिरणारा व्हिस्कस फॅन असतो. त्यातलं सिलिकॉन तेल गळालं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. गरम इंजिन बंद केल्यावर तो बोटाने सहज गरगर फिरला तर त्याचा दम गेला समजावं. विजेवरचा पंखा असेल तर फ्यूज आणि रिले आधी बघावेत. उलट शहरात शांत असलेली गाडी समृद्धी महामार्गावर तापत असेल, तर पंख्याला हात लावण्यात अर्थ नाही. हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटरने गेलात की त्या एका कामाला तिपटीहून जास्त शक्ती लागते. तेवढी उष्णता वाहून न्यायला पाण्याचा प्रवाह पुरत नाही, म्हणजे रेडिएटर आतून चोक झाला आहे, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत किंवा खालचा होज पाईप मऊ होऊन ओढीने चपटा होतो आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतानाच तापणारी गाडी आणखी वेगळी. तिथे भार जास्त आणि वेग कमी, त्यामुळे पंखा आणि प्रवाह दोघांचीही एकदम परीक्षा होते.

फोर-व्हील ड्राइव्हबद्दलचा एक समज इथेच तपासायला हवा. लो रेंज टाकली की इंजिनावर ताण येतो आणि ते तापतं, असं म्हणतात. खरं तर उलट आहे. लो रेंजमध्ये गिअरच टॉर्क वाढवून देतात, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी इंजिनाला कमी जोर लावावा लागतो आणि वाढलेल्या फेऱ्यांमुळे पंखा व पंप वेगाने फिरतात. चिखलात वरच्या गिअरवर इंजिन घुटमळवत नेणं त्याला जास्त तापवतं. या गाड्या तापतात त्याचं खरं कारण बऱ्याचदा समोर दिसत असतं. विदर्भाची काळी माती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन वाळते. बाहेरून जाळी धुतली तरी ती निघत नाही. दोन्ही वेगळे करून मागच्या बाजूने पाणी मारावं लागतं. त्यात हौसेने बसवलेले जाड बंपर, विंच आणि दिव्यांची रांग हवेची वाट अडवतात. ऑटोमॅटिक गाडीत गिअर तेलाची उष्णताही बहुधा याच रेडिएटरवर येते.

थर्मोस्टॅटच काढून टाका, हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की तो चुकीचा आहे यावर विश्वास बसत नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं. हिवाळ्यात तेच डिझेल इंजिन थंड चालतं, धूर सोडतं आणि सिलिंडर झिजवतं. यावर हमखास उत्तर येतं, ‘पण काढल्यावर काटा खाली आला.’ आला असेल. त्यातून एवढंच सिद्ध होतं की जुना थर्मोस्टॅट अडकला होता. त्याच्या जागी त्याच मापाचा नवा बसवावा आणि बसवण्याआधी पातेल्यातल्या गरम पाण्यात तो उघडतो का, हे पाहावं.

कूलंटबाबत दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. ‘साधं पाणी चालतं’ म्हणणाऱ्यांनी घरच्या कूलरच्या जाळ्या आठवाव्यात. बोअरवेलच्या पाण्याने एका उन्हाळ्यात त्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला लागून असलेली सिलिंडरची नळी, असलेल्या डिझेल इंजिनात धोका आणखी खोल आहे. स्फोटांच्या हादऱ्यांनी लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि धातूला भोकं पाडतात. कूलंटमधली रसायनं हे रोखतात, पाणी रोखत नाही. दुसऱ्या टोकाला, निव्वळ कूलंट भरणारे स्वतःचंच नुकसान करतात: ग्लायकॉलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्याच्या जेमतेम साठ टक्के असते. डिस्टिल्ड पाण्यासोबत निम्मं-निम्मं मिश्रण आणि सुमारे एक बार दाब धरणारं झाकण असेल, तर उकळण्याची पातळी १२५ अंशांच्या पुढे जाते. झाकणाचं रबर गेलं की इंजिन तापलेलं नसतानाही पाणी बाहेर येतं, आणि मग एका रबराच्या बिघाडापायी रेडिएटर बदलला जातो.

काट्यावरही पूर्ण भरवसा नको. ३० मे २०२४ रोजी नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले. तो सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्याने नंतर सांगितलं. गाडीतही असं होतं, फक्त चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. बऱ्याच नव्या गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात मधोमध स्थिर राहील असाच बसवलेला असतो, म्हणून स्कॅनरवरचा आकडा बघावा. आणि पाणी पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडून काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक पडला तर सुटकेचा निःश्वास न टाकता इंजिन बंद करावं. गरम झाकण उघडू नये आणि हेडवर थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जाऊ शकतो.

कुठेही गळती नसताना पाणी कमी होतं, तेव्हा ‘हेड गेलं’ हा निकाल फार घाईने दिला जातो. काही डिझेल इंजिनांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग, असतो. त्या कूलरला तडा गेला तर कूलंट सरळ धुराच्या वाटेने जातं. लक्षणं हेड गॅस्केटसारखीच, दुरुस्ती मात्र हेड न उतरवता होणारी. थंड इंजिन सुरू करताच काही क्षणांत वरचा होज दगडासारखा कडक होतो का, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, आणि धुराच्या वायूने रंग बदलणारं निळं द्रावण रंग बदलतं का, हे आधी पाहावं. डिझेलच्या धुरात रिकाम्या चालीवर हा वायू कमी असतो, म्हणून ही शेवटची चाचणी इंजिन नीट तापवून, रेस देऊन करावी. या चाचण्यांनी गॅस्केटच ठरलं, तर हेडची सपाटी मोजून घ्यावी आणि ते उडालं कशाने, हे शोधल्याशिवाय नवं बसवू देऊ नये. चोक झालेला रेडिएटर तसाच राहिला तर नवं गॅस्केटही त्याच घाटात उडेल.