क्षेत्रटिपणांची निळी शाई

बोलींच्या पाहणीत एकदा टिपलेला उच्चार पुन्हा ऐकावयास मिळेलच असे नाही. टिपणातील एक स्वरचिन्ह पुसले गेले तरी पुरावा सदोष होतो. म्हणून शाईची निवड विचारपूर्वक केली पाहिजे.

साधी निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग होय. ती ओलाव्याने पसरते व उन्हाने विटते. लोहक्षार व टॅनिक आम्ल यांपासून केलेली निळी-काळी शाई मात्र हवेतील प्राणवायूच्या योगाने कागदाच्या तंतूंतच काळी पडते व पाण्याने धुऊन जात नाही. ती आम्लधर्मी असल्याने पेन वेळोवेळी धुवावे लागते.

तथापि ‘निळी-काळी’ हे नाव पुष्कळदा केवळ छटेचे वाचक असते. यास्तव टिपणवहीच्याच कागदाच्या दोन चिठ्ठ्यांवर लिहून एक काही आठवडे उन्हात ठेवावी. दुसरी एका दिवसानंतर पाण्यात भिजवावी. दोन्ही स्पष्ट वाचता आल्या, तरच ती शाई पाहणीस न्यावी.