काढा उकळावा, गवती चहा मुरवावा

पावसाळ्यात घशाला खवखव सुरू झाली की सुंठ, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध असं सगळं एकाच पातेल्यात पडतं आणि रटरट उकळतं. घोळ इथेच होतो. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्राल या द्रव्यामुळे. ते वाफेबरोबर सहज उडून जातं. गवती चहाचं तेल काढतात तेही वाफेच्याच साहाय्याने. म्हणजे घरभर घमघमाट सुटला, की कपातला तेवढा स्वाद गेलाच. पाती कात्रीने बारीक कापावीत, उकळतं पाणी गॅसवरून उतरवून त्यात टाकावीत, वर झाकणी ठेवावी आणि पाच-सात मिनिटांनी गाळावं. झाकणीला आतून जमलेले थेंबही कपातच झटकावेत, वास त्यांतही असतो.

सुंठ, ज्येष्ठमध यांचं तसं नाही. टणक मुळा-कंदांतला अर्क उतरायला उकळीच हवी. शार्ङ्गधरसंहितेत हा भेद नेमका सांगितला आहे: क्वाथ उकळून आटवायचा, फांट गरम पाण्यात मुरवायचा आणि हिम थंड पाण्यात रात्रभर ठेवायचा. उन्हाळ्यात आपण रात्री भिजवलेल्या धण्यांचं पाणी पितो, ते हिमच. इतका साधा, उपयोगी विचार आपण विसरत चाललो आहोत, याचं मला वाईट वाटतं.

गरम घोटाने घशाला आराम पडतो, हे खरं. पण ताप उतरत नसेल तर डॉक्टरच गाठावा. ज्येष्ठमध तर रोज भरपूर घेऊच नये: त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे रक्तदाब वाढू शकतो, शरीरातलं पोटॅशियम घटू शकतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी ते टाळलेलंच बरं.