एअर फिल्टर व एक्झॉस्ट बदलल्याने मोटारगाडीच्या अश्वशक्तीत होणारी वाढ : मापन आणि मर्यादा

प्रस्तावना

मोटारगाडीचा मूळ एअर फिल्टर काढून अधिक हवा घेणारा फिल्टर बसविणे, तसेच सायलेन्सर बदलून मोठ्या व्यासाचे एक्झॉस्ट पाइप लावणे हे प्रकार आपल्याकडील तरुणांना नवीन राहिलेले नाहीत. अशा भागांच्या जाहिरातींतून दहा-पंधरा अश्वशक्तीची वाढ सहज सांगितली जाते. विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांतूनही ‘अमुक टक्के वाढ’ असे निष्कर्ष येतात. पुष्कळदा त्यामागे बदलापूर्वीचे एक आणि बदलानंतरचे एक वाचन एवढाच आधार असतो. असा अहवाल तपासताना त्या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे मार्गदर्शक व परीक्षक म्हणून आपल्यालाच ठरवावे लागते. ही वाढ किती असू शकते आणि ती मोजावी कशी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. येथे लागणारे गणित पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पलीकडचे नाही.

अश्वशक्ती म्हणजे नेमके कोणते परिमाण

जेम्स वॅटच्या व्याख्येनुसार एक अश्वशक्ती म्हणजे ७४५.७ वॅट होय. युरोपात रूढ असलेली मेट्रिक अश्वशक्ती मात्र ७३५.५ वॅटची आहे. केवळ एकक बदलल्याने १०० चे १०१.४ होतात, ही गोष्ट तुलना करताना सहज निसटते. शक्ती थेट मोजली जात नाही. टॉर्क, म्हणजेच पीळ, न्यूटन-मीटरमध्ये मोजून त्यास मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणतात व ९५४९ ने भागतात. उत्तर किलोवॅटमध्ये येते.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मोजताना इंजिनाला काय जोडलेले होते? अमेरिकेत १९७१ पर्यंत ‘ग्रॉस’ अश्वशक्ती जाहीर करण्याची पद्धत होती. तीत इंजिन चाचणी-मंचावर, गाडीचा प्रत्यक्ष एअर फिल्टर व सायलेन्सर न जोडता चालवीत. १९७२ पासून हे सर्व भाग जोडून मोजलेली ‘नेट’ अश्वशक्ती रूढ झाली. कॅडिलॅक एल्डोराडोच्या ८.२ लिटर इंजिनाचा जाहीर आकडा १९७१ मध्ये ३६५ होता. १९७२ मध्ये तो २३५ वर आला. इंजिन जवळजवळ तेच होते. पुढे एसएई या अभियंत्यांच्या संघटनेने आपले मापन-मानक अधिक काटेकोर केल्यावर टोयोटा कॅमरीच्या सहा सिलिंडरी इंजिनाचा आकडाही २१० वरून १९० झाला. या दोन्ही घटनांत मुख्यतः बदलली ती मोजण्याची रीत.

वाढीची कमाल मर्यादा

चार-स्ट्रोक इंजिन हा मूलतः हवेचा पंप आहे. टर्बोचार्जर नसलेले दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर दर सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा हाताळते. सिलिंडर ९० टक्के भरतात असे धरले, तर ही हवा साधारण ०.१०४ किलोग्रॅम होते. तीत तेराव्या हिश्श्याइतके पेट्रोल मिसळले जाते. त्याची ऊष्मीय शक्ती सुमारे ३४० किलोवॅट भरते. त्यापैकी ३० टक्के यांत्रिक स्वरूपात मिळाली, तर इंजिनाची शक्ती १०० किलोवॅटच्या आसपास, म्हणजे १३५ ते १४० अश्वशक्ती येते. यातील एकच राशी फिल्टरच्या हाती आहे, ती म्हणजे हवेचे वस्तुमान.

आता मूळ फिल्टर व त्याची नळी यांत दाब किती कमी होतो, ते पाहावे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पारदर्शक नळीचा, पाण्याने भरलेला यू-आकाराचा मॅनोमीटर थ्रॉटलच्या अलीकडे जोडून पूर्ण थ्रॉटलवर पाण्याच्या पातळीतील फरक वाचावा. समजा तो ३० सेंटिमीटर आला. हा दाब सुमारे ३ किलोपास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या तीन टक्के आहे. याचा अर्थ, जगातील सर्वोत्तम फिल्टर बसविला, किंबहुना फिल्टर काढूनच टाकला, तरी केवळ हा अडथळा दूर झाल्याने त्या फेऱ्यांवर होणारी वाढ सुमारे तीन टक्क्यांच्या, म्हणजे चार अश्वशक्तींच्या फारशी पुढे जाणार नाही. नळीच्या लांबीमुळे उठणाऱ्या दाबलहरींचा लाभ वेगळा असतो. परंतु तो फेऱ्यांच्या एका टापूत मिळतो आणि बहुधा दुसऱ्या टापूत गमवावा लागतो. विद्यार्थ्याने दहा टक्क्यांचा दावा केला असेल, तर पाण्याची ही नळीच त्याला पहिला प्रश्न विचारते.

एक्झॉस्टचेही असेच गणित करता येते. मागचा दाब २० किलोपास्कलवरून १० वर आणला, तर पिस्टनला वायू बाहेर ढकलण्यासाठी लागणारी शक्ती १० किलोपास्कल गुणिले सेकंदाला ०.१ घनमीटर, म्हणजे एक किलोवॅटने कमी होते. सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरल्याने आणखी थोडी भर पडते. ‘इंजिनाला मागचा दाब आवश्यकच असतो’ ही समजूत मात्र चुकीची आहे. अवाजवी रुंद पाइपमध्ये वायूचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट रिकामा होण्यास मिळणारी मदत घटते व कमी फेऱ्यांवरील टॉर्क कमी होतो. या निरीक्षणातूनच ती समजूत रुजली असावी.

मूळ भागांतच दोष असेल तर गोष्ट वेगळी. १९९९ च्या फोर्ड मस्टँग कोब्रा गाडीची जाहीर अश्वशक्ती ३२० होती. गाडीमालकांनी डायनॅमोमीटरवर तपासल्यावर ती कमी भरू लागली. फोर्डने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विक्री थांबविली, विकलेल्या गाड्या परत बोलाविल्या आणि इनटेक मॅनिफोल्ड, इंजिनाचा संगणक व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागील संपूर्ण एक्झॉस्ट बदलून दिला. या उदाहरणाचा आधार घेऊन ‘पाहा, एक्झॉस्टने किती फरक पडतो’ असे म्हटले जाऊ शकते. प्रत्यक्षात येथे तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि त्याही जाहीर केलेला मूळ आकडा गाठण्यासाठी.

मापनाची रीत

गाडीची चाके रोलरवर ठेवून मोजणाऱ्या डायनॅमोमीटरवर मिळते ती चाकांपाशी पोहोचलेली शक्ती. तीत ठरावीक १५ टक्के मिळवून इंजिनाची शक्ती काढण्याची प्रथा आहे, ती टाळावी. गिअरबॉक्स व टायर यांतील हानी अशी सरळ टक्केवारीत वाढत नाही. टायरमधील हवा किंवा गाडी बांधण्याच्या पट्ट्यांचा ताण बदलला, तरी वाचन बदलते.

याहून मोठी अडचण वाचनांच्या विखुरण्याची आहे. उदाहरणादाखल एक कल्पित संच घेऊ. मूळ भागांसह वाचने ११२.१, ११३.४, ११२.६, नवा फिल्टर लावून ११५.०, ११४.२, ११५.३, नंतर मूळ फिल्टर पुन्हा बसवून ११४.१, ११३.६, ११४.५. पहिल्या संचातील सर्वांत लहान वाचन व दुसऱ्यातील सर्वांत मोठे वाचन घेतले, तर वाढ ३.२ दिसते, जाहिरातीत येतो तो बहुधा असाच आकडा. दोन्ही संचांच्या सरासरींतील फरक २.१ आहे. तिसरा संच पाहिल्यावर मात्र असे आढळते की, मूळ फिल्टरसह गाडी १.४ ने पुढे सरकली आहे. दरम्यान गिअरबॉक्सचे तेल व टायर तापले, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या व तिसऱ्या संचाची सरासरी आधार धरली, तर वाढ सुमारे १.४५ उरते आणि ९५ टक्के विश्वासपातळीवर तिच्यातील अनिश्चितता सुमारे एक अश्वशक्ती आहे. वाढ झाली असावी, एवढेच यावरून म्हणता येते.

शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना हा पेच परिचित वाटेल. पूर्वचाचणी व उत्तरचाचणी यांमधील काळात विद्यार्थी आपोआपही काही शिकतो. तेथे नियंत्रित गट घेतात. येथे मूळ भाग पुन्हा बसवावे लागतात. याच पद्धतीस अ-ब-अ म्हणतात. ती कंटाळवाणी असल्यामुळेच सहसा टाळली जाते.

‘पूर्वीची’ स्थिती कोणती धरावी, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ च्या अभ्यासात असे आढळले की, तुंबलेला फिल्टर बदलल्याने नव्या गाड्यांच्या इंधन-बचतीत लक्षणीय फरक पडत नाही, परंतु वेग घेण्याची क्षमता ६ ते ११ टक्क्यांनी सुधारते. तेव्हा जुना धुळीने भरलेला फिल्टर काढून नवा महागडा बसविला, तर मोजला जातो तो धुळीचा परिणाम. तुलना नव्या मूळ फिल्टरशीच करावी.

हवामान व टर्बोचार्जर

मुंबईत जानेवारीत हवेचा दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो. जुलैत तो दहाने उतरतो आणि बाष्पाचा वाटा बराच वाढतो. बाष्प वजा जाता कोरड्या हवेचा दाब साधारण ९९५ वरून ९७० वर येतो. हा अडीच टक्क्यांचा फरक वर काढलेल्या फिल्टरच्या कमाल लाभाएवढाच आहे. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात दाब ९५० च्याही किंचित खाली असतो. म्हणून एसएईच्या सूत्राने वाचने २५ अंश सेल्सिअस व ९९० हेक्टोपास्कल कोरड्या दाबावर आणतात. हे सूत्र खोलीच्या हवेचे तापमान धरते. बॉनेटखाली फिल्टरने प्रत्यक्ष ओढलेल्या हवेचे नव्हे. चाचणीवेळी बॉनेट उघडे आणि समोर पंखा असतो. रस्त्यावर तोच उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनालगतची तप्त हवा घेतो. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते आणि लाभ तेथेच संपतो.

टर्बोचार्जर असलेल्या गाडीत मोठा एक्झॉस्ट अधिक फायदा देतो, हे खरे आहे; परंतु त्यातील मोठा वाटा सोबत बदललेल्या सॉफ्टवेअरने वाढविलेल्या दाबाचा असतो. शिवाय असे इंजिन उंचीमुळे कमी झालेला दाब बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढते. त्यावर पुण्यात पूर्ण सुधारणा-गुणक लावल्यास सात-आठ टक्के शक्ती केवळ कागदावर निर्माण होते.

असे प्रकल्प हाती देताना कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. आवाज व धूर यांची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविल्यास कलम १९० लागू होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून केलेली चाचणी त्यामुळे मंचापुरतीच राहावी. अ-ब-अ पद्धतीत गाडी शेवटी मूळ भागांसह प्रयोगशाळेबाहेर पडते, हा तिचा एक आनुषंगिक फायदा आहे.