‘गाता’ म्हणजे डुगडुग

पहाटे ५:१०

माझा गजर वाजतो तेव्हा जपानमध्ये आठ चाळीस झालेले असतात. साडेतीन तासांचं अंतर. तिकडची माणसं कामाला लागलेली असतात आणि माझ्या फोनवर मेल येऊन पडलेली असते. डबा भरता भरता मी ती वाचून घेते. आज एकच आहे, पण जड आहे. चाकणच्या आमच्या कारखान्यातून गेलेल्या मालात काही जॉबच्या कडेला ‘बारी’ सापडली. बारी म्हणजे बर, धातू कापल्यावर कडेला राहणारी बोचरी किनार. साडेनऊला बैठक.

आमच्या सोसायटीत परकीय भाषेवर पोट असलेले आम्ही तिघं आहोत. खालच्या मजल्यावरची मुलगी जर्मनवर काम करते, जर्मन कंपन्यांची बिलं आणि पुरवठादारांशी पत्रव्यवहार. जर्मनी उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे तिची शिफ्ट दुपारी लागते, घरी यायला रात्रीचे साडेदहा होतात. शेजारच्या विंगेतला मुलगा स्पॅनिशवाला. त्याचे ग्राहक मेक्सिकोत, म्हणून तो रात्रभर जागा. भाषा निवडताना मुलं लिपी अवघड का, फी किती, एवढंच विचारतात. झोपेचं विचारत नाहीत. मी त्यांना आवर्जून सांगते, की कोणत्या देशाच्या घड्याळावर आयुष्य काढायचं, हेसुद्धा प्रवेशाच्या फॉर्मवर तुम्ही लिहून देताय.

६:३०

नळस्टॉपला कंपनीची बस. खिडकीशी बसले की पहिली दहा मिनिटं माझी स्वतःची. २००६ साली बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. घरात कोणाला कळेना, की अकाउंट्स सोडून ही मुलगी चित्रं कसली काढतेय. तेव्हा जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, पातळ्या चारच होत्या, चौथीपासून पहिलीपर्यंत. २०१० पासून पाच झाल्या, एन-५ ते एन-१. पुण्यात जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केंद्राबाहेर जी गर्दी दिसते, ती या जेएलपीटीची.

माझ्या शेजारी आज खरेदी विभागातली नवी मुलगी आहे. मांडीवर कांजी अक्षरांची कार्डं. एन-३ची तयारी चाललीय. तिला मी जे सांगितलं, ते इथंही सांगते. या परीक्षेत बोलण्याचा पेपर नाही, लिहिण्याचाही नाही. शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन, ऐकणं, सगळं पर्याय निवडून. एन-२ला १८०पैकी ९० मिळाले, प्रत्येक भागात किमान गुण पडले, की पास. प्रमाणपत्र खरंच असतं, मेहनतीचं असतं, पण त्या माणसाचं तोंड उघडतं का, हे ते प्रमाणपत्र सांगत नाही. नोकरी देणाऱ्यांना हे आता कळलंय. मुलांना अजून पुरतं कळलेलं नाही, आणि त्यात चूक त्यांची नाही.

८:१०

गेट, कार्ड, सेफ्टी शूज. लाइनवर सकाळची सभा सुरू होते. जपानीत चोरेई. पाच मिनिटं सगळे उभ्यानेच: काल किती माल झाला, किती रिजेक्ट, आज कोण रजेवर. जपानी सल्लागार दोन वाक्यं बोलतात, मी ती मराठीत सांगते.

पहिल्या वर्षी मी हे इंग्रजीत सांगायचे. कंपनीत दुभाषी म्हणजे जपानी आणि इंग्रजी, असं माझ्या डोक्यात होतं. समोरची तीस माणसं राजगुरुनगर, लातूर, बीडची. ती मान डोलवायची, आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना विचारायची, काय म्हणाली रे ती. हे कानावर पडलं त्या दिवशी मी भाषा बदलली. बदलल्यावर कळलं, की जपानीतून मराठीत येणं इंग्रजीत जाण्यापेक्षा किती सरळ आहे. ‘वाताशी वा आश्ता पुणे नि इकिमासु’: मी उद्या पुण्याला जाते. शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. क्रियापद दोन्हीकडे शेवटी, ‘ला’ आणि ‘चा’ दोन्हीकडे शब्दामागून. इंग्रजीत जायचं तर वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, कारण होय की नाही ते जपानी माणूस शेवटी सांगतो.

९:३०

जपानमध्ये दुपारचा एक, त्यांचं जेवण आटोपलेलं. पडद्यावर तिकडचे चौघं, इकडे आमचे प्लँट मॅनेजर, क्वालिटीचे साहेब, सुपरवायझर आणि मी.

अशा बैठकीत कारणं दोन विचारली जातात. दोष तयार का झाला, हे एक. आणि तयार झाल्यावर तो आपल्या हातून सुटून पुढे कसा गेला, हे दुसरं. नवा दुभाषी इथेच घसरतो. दोन्हीला तो ‘कारण’ म्हणतो, मग उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि तिकडच्यांना वाटतं, भारतीय टाळाटाळ करताहेत. मी ‘उगमाचं कारण’ आणि ‘निसटण्याचं कारण’ असे दोन शब्द ठरवून टाकलेत. आता आमचे सुपरवायझरही तेच वापरतात.

आकडे आले की मी उठून फळ्यावर लिहिते. जपानीत मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्याने चालते, त्या गठ्ठ्याला ‘मान’ म्हणतात. तीन मान म्हणजे तीस हजार, तीस मान म्हणजे तीन लाख. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी बोलण्याच्या ओघात तीन मानचे तीन लाख केले होते. मागणीचा कागद तयार झाला, सही झाली, आणि स्टोअरमधल्या एका जुन्या माणसाने एवढा कच्चा माल ठेवायचा कुठं, म्हणून शंका काढली, तेव्हा चूक पकडली गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून आकडा तोंडाने एकदा आणि खडूने एकदा.

बैठकीच्या शेवटी आमच्या साहेबांनी माल दुरुस्त करून पाठवायला मुदत वाढवून मागितली. तिकडून उत्तर आलं, ‘केन्तो शिमासु’. शब्दशः, विचार करतो. मी तेच सांगितलं, त्यात माझं काही घातलं नाही. पडदा बंद झाल्यावर मात्र साहेबांना म्हटलं, “साहेब, मुदत मिळाली असं धरू नका. या सुरात म्हणतात तेव्हा बहुतेक नाहीच असतं.” बैठकीत शब्द, बैठकीबाहेर अर्थ. ही रेघ मी पाळते. दुभाष्याने भर सभेत अंदाज सांगायला सुरुवात केली, की दोन्ही बाजूंचा त्याच्यावरचा विश्वास उडतो.

११:१५

सुपरवायझरने कारण लिहून दिलं होतं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. सल्लागारांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, गेंबाला जाऊ. गेंबा म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम होतं ती जागा.

प्रेसपाशी आमचे फिटर काका उभे होते. सव्वीस वर्षांची नोकरी. सल्लागारांनी विचारलं, मी मराठीत सांगितलं. काका आधी सुपरवायझरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, खरं सांगू का? फिक्स्चर डुगडुगतंय. जॉब बसतो, पण ठरत नाही. मी दोनदा सांगितलं होतं.”

डुगडुगतंय. इंग्रजीत मला चार शब्दांचं वाक्य करावं लागलं असतं आणि त्यातली हाताची जाणीव निघून गेली असती. जपानीत यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘गाता’. खिळखिळ्या खुर्चीचा गाता-गाता आवाज, त्यावरून आलेला. मी म्हटलं, “गाता गा आरिमासु.” सल्लागारांनी लगेच फिक्स्चरला, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीला, हात घातला, हलवलं, आणि काकांकडे पाहून म्हणाले, “गाता, गाता.” काकाही म्हणाले, “हां, गाता.” डायल लावला. काटा हलला. जॉब किंचित सरकायचा, कटिंगमधली फट एका बाजूला जास्त व्हायची आणि त्याच बाजूला बर यायचा. ऑपरेटरचा त्यात काही दोष नव्हता.

काकांचं ‘दोनदा सांगितलं होतं’ हेही मी जपानीत सांगितलं. सुपरवायझर माझ्यावर नाराज झाले. होऊ देत. माणूस जे बोलला, ते पोहोचवायचं, हेच माझं काम आहे.

माझ्याकडे एक जाड वही आहे, तीन रकान्यांची. जपानी शब्द, पुस्तकातला अर्थ, लाइनवरचा शब्द. झारा-झारा: खरखरीत. त्सुरु-त्सुरु: गुळगुळीत. बेता-बेता: चिकचिकीत. आवाजावरून आणि स्पर्शावरून शब्द घडवण्यात जपानी जितकी श्रीमंत, तितकीच मराठी. आईकडून, आजीकडून आलेले हे शब्द घरी टाकून मुलं नोकरीला येतात, याचं मला वाईट वाटतं.

१२:३०

जेवण. पणजीहून मैत्रिणीचा फोन. तिने पोर्तुगीज केलं, तेव्हा लोक म्हणायचे, पोर्तुगीज तर १९६१लाच गेले. पण कागद गेले नाहीत. गोव्यात जुन्या जमिनींचे दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत, कुटुंब आणि वारसा कायद्याचं मूळ १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत आहे, आणि ही भाषा शाळेत शिकलेली पिढी आता थकली. तिच्या टेबलावर वकिलांच्या फायली येतात. जमिनीचे, वाटणीचे शब्द तिला मराठी आणि कोकणीत आधीच येत होते, म्हणून ती टिकली.

१:१५

कामाच्या पद्धतीचा तक्ता, प्रत्येक मशीनपाशी लावायचा, जपानीतून मराठीत. कच्चा मसुदा आता संगणक काढून देतो. ते मी नाकारत नाही, माझे तास वाचतात. पण आजचा मसुदा बघा. मूळ शब्द ‘कारिजिमे’. संगणकाने लिहिलं, ‘नट तात्पुरता बंद करा’. हे वाचून कोणाला काय कळणार? कारिजिमे म्हणजे आधी हातानं हलकं आवळणं, आणि होन्जिमे म्हणजे नंतर टॉर्क लावून पक्कं आवळणं. मी काकांना विचारून आले आणि लिहिलं, ‘नट हातानं आटे धरेपर्यंत फिरवा. चारही नट लागल्यावर टॉर्क रेंचने घट्ट करा.’ आटे चढले नाहीत तर बोल्ट जातो, भाग जातो, कधी कोणाचं बोट जातं. शिवाय जपानी वाक्यात कर्ता बहुधा नसतोच. ‘तपासावे.’ कोणी? ऑपरेटरने की क्वालिटीवाल्याने? ते विचारल्याशिवाय मी तक्ता सोडत नाही. ड्रॉइंगवरच्या तारखेत एच २१ असेल तर ते हेइसेई या जपानी कालखंडाचं २१वं वर्ष, म्हणजे २००९, हेही बघावं लागतं.

दोनला जपानमध्ये साडेपाच. तिकडे विचारायचं ते त्याआधी विचारून घ्यायचं, नाहीतर उत्तर उद्यावर.

२:४५

आणखी एक दुभाषी घ्यायचाय. दोन उमेदवार. मुलगी एन-२, कलाशाखेची पदवीधर. मुलगा एन-३, मेकॅनिकल डिप्लोमा. केबिनमध्ये मुलीचं जपानी सुरेख, आदरार्थी रूपं अचूक. मुलगा अडखळत होता. मी दोघांनाही लाइनवर नेलं, हातात बर आलेला जॉब दिला आणि म्हटलं, यात काय बिघडलंय ते जपानीत सांगा.

मुलाने कडेवरून बोट फिरवलं आणि मोडक्या जपानीत, पण बरोबर सांगितलं. मुलगी गप्प राहिली. मग ती वळली आणि काकांना म्हणाली, “काका, याला तुम्ही काय म्हणता?” काकांनी सांगितलं. तिने वही काढून लिहून घेतलं आणि मला विचारलं, “मॅडम, याचा जपानी शब्द?”

मी दोघांसाठीही लिहिलं. मुलाला उत्पादन विभागात घ्या, भाषेचा भत्ता द्या, एन-२ची फी कंपनीने भरावी. तो दुभाषी म्हणून नाही, जपानी येणारा इंजिनिअर म्हणून पुढे जाईल, आणि ती वाट जास्त लांब जाते. मुलीला दुभाषी म्हणून घ्या, पण पहिले तीन महिने लाइनवर ठेवा. मंजूर होईल की नाही, माहीत नाही. एका जागेसाठी मुलाखत होती.

५:४५

परतीची बस. मोशीपाशी कोंडी. झोप.

८:३०

ऑनलाइन वर्ग. अकरा मुलं, त्यातल्या सहा मुली नर्सिंग झालेल्या. एप्रिल २०१९ पासून जपानने विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१मध्ये भारताने त्याबाबत करार केला. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी जायचं तर एन-४च्या तोडीचं जपानी लागतं, त्यावर शुश्रूषेच्या भाषेची वेगळी परीक्षा आणि कामाची परीक्षा. कोल्हापूर, जालना, गडहिंग्लज, मुली कुठून कुठून जोडल्या जातात. एजंटला पैसे देण्याआधी करार मला दाखवा, हे मी दर महिन्याला एकदा सांगते.

आज दुखण्याचे शब्द घेतले. म्हातारी माणसं ‘मला वेदना होताहेत’ असं म्हणत नाहीत, त्यांना आवाजाचे शब्द सुचतात. झुकि-झुकि: ठणकतंय. चिकु-चिकु: टोचतंय. हिरि-हिरि: चुरचुरतंय. मुका-मुका: मळमळतंय. मी जपानी शब्द म्हणायचे, त्या मराठी शोधायच्या. पहिल्यांदाच वर्गात माइक बंद ठेवा म्हणावं लागलं.

जालन्याच्या मुलीने शेवटी विचारलं, “सेन्सेई, पोटात मुरडा येतो, त्याला काय म्हणायचं?” मी ‘किरि-किरि’ म्हटलं, मग थांबले. किरि-किरि म्हणजे तीक्ष्ण कळ. मुरडा अगदी तोच का? मी तिला सांगितलं, उद्या विचारून सांगते. वहीत चौथा रकाना आखला.